सुई शिरली कातडीखाली, शत्रू राहिला आतड्यात : पटकीच्या लसीची शंभर वर्षे आणि सशांनी शिकवलेला धडा

#धागा

१/
१९७३ साली जागतिक आरोग्य परिषदेने एक जुना नियम रद्द केला. आंतरराष्ट्रीय प्रवाशाकडे पटकीची म्हणजे कॉलऱ्याची लस टोचल्याचा दाखला हवा, असा तो नियम होता. पटकी तेव्हा संपलेली नव्हती. उलट तिची सातवी जागतिक साथ जोरात होती. नियम गेला, कारण ती टोचणी साथीला अडवू शकत नाही हे सिद्ध झाले होते.

२/
या टोचणीचा वापर सुरू होऊन त्या वेळी सुमारे ऐंशी वर्षे झाली होती. लाखो दंडांत ती सुई शिरली होती. मग चूक नेमकी कुठे झाली? या प्रश्नाचे उत्तर गिनीपिग, ससे, उंदीर आणि कुत्रे यांच्या आतड्यांत सापडले. त्या शोधाची वाट पॅरिस, शिकागो आणि ऑक्सफर्डमधून जाते, तशीच ती कलकत्त्याहून आणि मुंबईच्या परळहूनही जाते.

३/
आधी रोगाची ओळख. पटकीचा जंतू पाण्यातून पोटात जातो आणि लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून वाढतो. तो रक्तात शिरत नाही, अवयव पोखरत नाही. तो एक विष सोडतो आणि त्या विषामुळे शरीरातले पाणी व क्षार आतड्यात झिरपू लागतात. काही तासांत माणसाचे डोळे खोल जातात, नाडी लागत नाही. सारी लढाई आतड्याच्या पोकळीत आणि तिच्या अस्तरावर चालते. पुढच्या इतिहासाची किल्ली याच गोष्टीत आहे.

४/
जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८८३ मध्ये आधी इजिप्तला आणि तिथून कलकत्त्याला आला. १८८४ च्या फेब्रुवारीत त्याने स्वल्पविरामाच्या आकाराचा हा जंतूच पटकीचे कारण असल्याचे कळवले. इटलीच्या फिलिप्पो पाचिनीने हा जंतू १८५४ मध्येच पाहिला होता, पण तिकडे कोणी लक्ष दिले नव्हते. कॉखच्या सिद्धतेत मात्र एक उणीव राहिली. जंतू खाऊ घातला तरी एकाही प्राण्याला पटकी होईना.

५/
ही अडचण केवळ तात्त्विक नव्हती. पटकी निसर्गतः फक्त माणसाला होते. ज्या रोगाला प्राणी बळी पडत नाही, त्या रोगाची लस प्राण्यावर कशी तपासायची? १८८५ पर्यंत कॉखने एक मार्ग काढला. गिनीपिगच्या जठरातले आम्ल त्याने सोड्याने मारले, अफूच्या अर्काने आतड्याची हालचाल मंदावली आणि मग जंतू पाजले. तेव्हा कुठे प्राणी आजारी पडले. जठरातले आम्ल हा पटकीविरुद्धचा पहिला पहारा आहे, हे त्यातून दिसले.

६/
ही रीत कटकटीची होती. त्यामुळे बहुतेक प्रयोगशाळांनी सोपी वाट धरली. जंतू थेट गिनीपिगच्या उदरपोकळीत टोचायचे. प्राणी दाह होऊन मरे. आधी कातडीखाली लस दिलेली असेल तर तो वाचे. निकाल स्वच्छ आणि भरवशाचा वाटे. पण उदरपोकळीचा दाह म्हणजे पटकी नव्हे. आतड्याबाहेरच्या पोकळीत रक्तातले संरक्षक घटक सहज पोहोचतात. आतड्याच्या आतले जग वेगळे असते.

७/
१८९४ मध्ये रिचर्ड फायफर याने याच पोकळीत एक विलक्षण गोष्ट पाहिली. लस दिलेल्या गिनीपिगच्या पोटात टोचलेले पटकीचे जंतू थोड्याच वेळात फुगून विरघळून जात होते. प्रतिकारशास्त्राच्या पायाभूत शोधांपैकी हा एक. पण त्याचा एक उपपरिणामही झाला. रक्तात जंतुनाशक शक्ती आली म्हणजे पटकीपासून संरक्षण मिळाले, हा समज त्याने पक्का केला.

८/
याच काळात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत वाल्डेमार हाफकिन काम करत होते. एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात असे जंतू वारंवार फिरवून त्यांनी लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि दोन-अडीच वर्षांत त्यांनी सुमारे ४२,००० लोकांना लस टोचली. १८९६ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म कोले याने उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस आणली. तीच पुढे जगभर रूढ झाली.

९/
हाफकिन यांच्या धैर्याबद्दल आणि प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्यांच्या टोचणीने काही प्रमाणात संरक्षण दिलेही. आपल्याकडे पंढरपूरच्या वारीसारख्या मोठ्या यात्रांच्या वेळी पटकीची टोचणी ही पुढे नेहमीची गोष्ट झाली. पण हे संरक्षण अपुरे आणि अल्पजीवी होते. ते तसे का, हे विचारणारा पहिला ठळक आवाज पुन्हा पाश्चर संस्थेतूनच उठला.

१०/
तो आवाज अलेक्झांडर बेझ्रेदका यांचा. १९२० च्या सुमारास त्यांनी वेगळाच विचार मांडला. रोग ज्या अवयवातून शिरतो, त्या अवयवालाच प्रतिकारक्षम केले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. आतड्याच्या रोगासाठी लस आतड्यातूनच गेली पाहिजे. सशांना आधी पित्त पाजून आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थर सैल करायचा आणि मग मारलेले जंतू तोंडावाटे द्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. अशा सशांनी पुढे जिवंत जंतूंचा मारा सहन केला.

११/
आमांश आणि विषमज्वर यांच्या जंतूंवरून सुरू झालेली ही पित्तयुक्त लस पटकीसाठीही बनवली गेली. १९२० च्या दशकात मद्रास इलाख्यात तिची माणसांवर चाचणीही झाली. म्हणजे तोंडावाटे घ्यायची पटकीची लस भारतीय खेड्यांत शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेली होती. पण पित्ताच्या गोळ्यांनी मळमळ आणि जुलाब होत. सुई जलद होती, मोजता येण्याजोगी होती. सुईच जिंकली.

१२/
बेझ्रेदका हरले त्याला आणखी एक कारण होते. निरीक्षण अचूक असूनही त्यांचा अर्थ चुकला होता. अशा सशांच्या रक्तात प्रतिपिंडे फारशी सापडत नाहीत, म्हणून या संरक्षणाचा प्रतिपिंडांशी संबंधच नाही, असे ते म्हणत. प्रतिपिंडे रक्तातच असतात हे सर्वांनी गृहीत धरले होते. १९२२ मध्ये डेव्हिस नावाच्या संशोधकाने आमांशाच्या रोग्यांच्या शौचात प्रतिपिंडे दाखवली, आणि तीही रक्तात दिसण्याच्या आधी. या निरीक्षणाकडे बराच काळ कोणी वळून पाहिले नाही.

१३/
हा धागा पुढे शिकागो विद्यापीठाच्या विल्यम बरोज यांनी उचलला. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी लस दिलेल्या गिनीपिगांचे रक्त आणि विष्ठा दोन्ही तपासली. पटकीच्या जंतूंपासून होणारे संरक्षण रक्तातल्या प्रतिपिंडांच्या पातळीशी जुळत नव्हते. ते विष्ठेत आढळणाऱ्या प्रतिपिंडांशी जुळत होते. रक्तात भरपूर प्रतिपिंडे असलेला प्राणीही आतड्यात उघडा पडू शकत होता.

१४/
रॉल्फ फ्रेटर यांनी १९५५-५६ मध्ये हे काम पुढे नेले. गिनीपिगांना उपाशी ठेवून स्ट्रेप्टोमायसिनने त्यांच्या आतड्यातले नेहमीचे जंतू कमी केले, तर तोंडावाटे दिलेला पटकीचा जंतू तिथे घर करतो, हे त्यांनी दाखवले. आम्ल, आतड्याची हालचाल, तिथले रहिवासी जंतू आणि स्थानिक प्रतिपिंडे असे पहाऱ्याचे एकेक थर आता वेगळे ओळखता येऊ लागले होते. तरी एक कोडे उरले. हा जंतू माणसाला मारतो कसा?

१५/
कॉखला वाटले होते की जंतू एक विष सोडत असावा. पण ते विष कोणाच्या हाती लागले नव्हते. जंतू मेल्यावर त्याच्या आवरणातून सुटणारे द्रव्य म्हणजेच ते विष, अशी समजूत रूढ झाली होती. प्रयोग मात्र बहुतेक उदरपोकळीत किंवा रक्तात चालले होते. विष शोधायचे ते आतड्याच्या आत, ही साधी गोष्ट करून पाहणारे दोन गट भारतात होते.

१६/
पहिला गट परळचा. १८९९ मध्ये जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली आणि १९२५ मध्ये तिला त्यांचेच नाव मिळाले. त्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी १९५५ मध्ये सशांच्या काही दिवसांच्या पिलांवर प्रयोग केला. जंतू थेट आतड्यात सोडताच पिलांना माणसासारखे पातळ जुलाब झाले आणि ती सुकून मेली. आईचे दूध पिणारी सशाची पिले पटकीला बळी पडतात हे मेचनिकॉफने १८९४ मध्ये पाहिले होते. परळला त्यातून प्रयोगाची भरवशाची रीत तयार झाली.

१७/
दुसरा गट कलकत्त्याचा. शंभुनाथ डे हे रोगनिदानशास्त्राचे अध्यापक. १९५३ मध्ये त्यांनी डी. एन. चटर्जी यांच्यासह मोठ्या सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा जागच्या जागी दोन ठिकाणी दोऱ्याने बांधला आणि त्या बंद पोकळीत जंतू सोडले. ती पोकळी पाण्याने टम्म फुगली. १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून काढलेला निव्वळ द्रव तिथे सोडला. तरीही आतडे फुगले. म्हणजे जंतू जिवंतपणी विष सोडत होता आणि ते आतड्याच्या आतूनच काम करत होते.

१८/
त्याच वर्षी परळच्या दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांत जंतूंच्या अर्कानेही पटकी होते असे दाखवले. अमेरिकेच्या रिचर्ड फिंकलस्टीन यांनी ही पिलांची रीत उचलली. त्यांच्या १९६४ च्या निबंधावर सहलेखक म्हणून दत्तांचे नाव आहे. १९६९ मध्ये फिंकलस्टीन आणि लोस्पालुटो यांनी पटकीचे विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

१९/
या विषाची रचना लवकरच उलगडली. त्याचे दोन प्रकारचे भाग असतात. ‘बी’ भाग पाच असतात आणि ते आतड्याच्या पेशीवरच्या ‘जीएम-१’ नावाच्या रेणूला पकडतात. ‘ए’ भाग एकच असतो. तो पेशीत शिरून क्षार आणि पाणी बाहेर सोडणारी यंत्रणा सुरूच ठेवतो. म्हणजे ‘बी’ भाग पकडणारा हात आहे आणि ‘ए’ भाग अपाय करणारे हत्यार. हा भेद पुढे लसीसाठी निर्णायक ठरला.

२०/
दरम्यान प्रतिपिंडांच्या अभ्यासातही एक मोठी गोष्ट घडली होती. १९५९ मध्ये बेल्जियमच्या जोसेफ हेरेमन्स यांनी ‘आयजीए’ नावाचा प्रतिपिंडांचा वेगळा वर्ग ओळखला. १९६० च्या दशकात थॉमस तोमासी यांनी लाळेत आणि प्रसूतीनंतरच्या चिकात याच वर्गाचे प्राबल्य असल्याचे दाखवले. त्यातला प्रतिपिंड जोडीने बांधलेला असतो आणि त्याला एक संरक्षक तुकडा चिकटलेला असतो. पाचक रसांत टिकून राहण्याची त्याची घडण आहे. बेझ्रेदका आणि बरोज यांच्या निरीक्षणांना अखेर रासायनिक आधार मिळाला.

२१/
आता प्रश्न असा, की ही आयजीए बनवणाऱ्या पेशी येतात कुठून? १९७१ मध्ये क्रेग आणि सेब्रा यांनी सशांवर याचे उत्तर शोधले. लहान आतड्याच्या भिंतीत पेशींचे छोटे पुंजके असतात. त्यांना पेयर्स पॅचेस म्हणतात. त्या पुंजक्यांतल्या पेशी दुसऱ्या सशात सोडल्यावर त्यांची संतती त्याच्या आतड्यात आयजीए बनवू लागली. आतड्यातल्या परक्या पदार्थांची प्रथम नोंद घेणारी ठाणी ती हीच.

२२/
पटकीच्या संदर्भात हे चित्र पूर्ण केले नॅथॅनियल पिअर्स यांनी. ते कलकत्त्यात पटकीच्या रोग्यांवर उपचार केलेले डॉक्टर होते. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी जेम्स गॉवन्स यांच्याबरोबर काम केले. पांढऱ्या पेशी लसिकेतून रक्तात आणि रक्तातून पुन्हा लसिकेत फिरत राहतात, हे उंदरांवर दाखवणारे गॉवन्स ते हेच. १९७५ मध्ये दोघांनी उंदरांना निर्विष केलेल्या पटकीच्या विषाने प्रतिकारक्षम केले. आधी उदरपोकळीत एक मात्रा दिली आणि मग लहान आतड्याच्या सुरुवातीला दुसरी.

२३/
मग त्यांनी छातीतल्या मुख्य लसिकावाहिनीतून वाहणाऱ्या पेशी गोळा केल्या. आतड्यात मात्रा पोहोचल्यावर काही दिवसांत त्या प्रवाहात पटकीच्या विषाविरुद्ध प्रतिपिंड बाळगणाऱ्या पेशी दिसू लागल्या. त्या रक्तात गेल्या आणि फिरून आतड्याच्या अस्तरातच येऊन स्थिरावल्या. त्यांतल्या बहुतेक आयजीए वर्गाच्या होत्या. आतड्यात शिकलेली पेशी शरीरभर फिरून आतड्यातच परतते, हे या प्रयोगाने दिसले. ज्या जागी ते विष प्रत्यक्ष भेटले होते, तिथे त्यांची गर्दी अधिक होती.

२४/
प्रयोगशाळेत हे चालू असताना बाहेर जुन्या लसीची कसोटी लागत होती. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातले मतलब, फिलिपाइन्स आणि कलकत्ता इथे टोचणीच्या काटेकोर चाचण्या झाल्या. संरक्षण साधारण निम्म्या लोकांना मिळे, तेही काही महिनेच. सर्वाधिक मरणाऱ्या लहान मुलांना तर त्याहून कमी. १९७४ मध्ये मतलब इथेच निर्विष केलेले विष टोचून पाहिले. रक्तात प्रतिपिंडे वाढली, पण पटकी विशेष अडली नाही.

२५/
पिअर्स यांच्या पुढच्या प्रयोगांनी या अपयशाचे कारण उजेडात आणले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी उंदरांत तुलना केली. जिवंत, म्हणजे पेशीला पकडू शकणारे विष आतड्यात दिले की उत्तम प्रतिसाद उमटे. रसायनाने निर्विष केलेले विष तिथे निष्प्रभ ठरे, कारण त्याची पेशीला पकडण्याची शक्ती नष्ट झालेली असे. १९८० मध्ये पिअर्स आणि कॉस्टर यांनी आणखी धक्कादायक बाब नोंदवली. काही परिस्थितींत आधी दिलेली टोचणी आतड्याचा पुढचा प्रतिसाद दडपूनही टाकत होती.

२६/
नवल वाटावे अशी आणखी एक गोष्ट उंदरांतच आढळली. आपण रोज जे अन्न खातो, त्यातल्या प्रथिनांविरुद्ध शरीर लढत नाही. तोंडावाटे आलेल्या पदार्थाला सहन करायचे, ही आतड्याची सवय. म्हणूनच तोंडावाटे लस देणे अवघड असते. १९८४ मध्ये एल्सन आणि इल्डिंग यांनी दाखवले, की पटकीचे विष ही सवय मोडते. उंदरांना ते पाजले की त्याच्याविरुद्ध तर प्रतिपिंडे बनतातच, पण त्याच्याबरोबर दिलेल्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धही बनतात.

२७/
पेच असा होता. आतड्याला सर्वांत चांगला धडा देणारा पदार्थ म्हणजे खुद्द ते प्राणघातक विष. ते माणसाला पाजता येणार नव्हते. उपाय ‘बी’ भागात होता. तो पेशीला पकडतो, पण अपाय करत नाही. स्वीडनच्या गोटेनबर्ग शहरात यान होल्मग्रेन आणि आन-मारी स्वेनरहोल्म यांनी या भागावर लक्ष केंद्रित केले.

२८/
त्याआधी १९७६ मध्ये या दोघांनी सशांवर एक महत्त्वाचा निष्कर्ष काढला होता. जंतूच्या आवरणाविरुद्धची प्रतिपिंडे जंतूला अस्तरावर बसू देत नाहीत. विषाविरुद्धची प्रतिपिंडे विषाला पेशी पकडू देत नाहीत. दोन्ही एकत्र असली की संरक्षण त्यांच्या बेरजेहून कितीतरी पटींनी वाढते. ही मोजणी त्यांनी केली ती सशाच्या आतड्याचा तुकडा बांधून. म्हणजे कलकत्त्यात डे यांनी बसवलेल्या रीतीनेच.

२९/
हे तोंडावाटे दिलेल्या लसीतही खरे ठरते का, हे कुत्र्यांनी सांगितले. १९६० च्या दशकात कलकत्त्यात काम करणाऱ्या ब्रॅडली सॅक आणि चार्ल्स कार्पेंटर यांनी मोठ्या कुत्र्यात पटकी निर्माण करण्याची रीत शोधली होती. पिअर्स यांनी अशाच कुत्र्यांना विष किंवा त्याचे भाग तोंडावाटे देऊन नंतर जिवंत जंतू पाजले. आतड्यात प्रतिसाद उमटलेले कुत्रे तरले. १९८२ च्या त्यांच्या निबंधात विष आणि जंतू या दोहोंविरुद्धचे संरक्षण एकमेकांना बळ देते, हे पुन्हा दिसले.

३०/
आणखी एक शंका होती. आतड्यातली प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात. मग संरक्षणही ओसरते का? १९८० च्या दशकात निल्स लुके आणि होल्मग्रेन यांनी उंदरांत पाहिले, की प्रतिपिंडांची पातळी उतरली तरी आठवण शिल्लक राहते. बऱ्याच काळाने तोच पदार्थ पुन्हा आतड्यात आला, की काही तासांतच प्रतिपिंडे बनू लागतात. पटकीसारख्या झपाट्याने मारणाऱ्या रोगात या काही तासांना फार किंमत आहे.

३१/
या साऱ्या ज्ञानाची कसोटी १९८५ मध्ये लागली, ती पुन्हा मतलबला. आता तो भाग बांगलादेशात होता. स्त्रिया आणि दोन वर्षांवरील मुले यांना मारलेले जंतू आणि ‘बी’ भाग असलेली लस प्यायला दिली गेली. दुसऱ्या गटाला नुसते मारलेले जंतू मिळाले, तिसऱ्याला दिखाऊ मात्रा. पेयात आम्ल मारणारा क्षार होता. कॉखने १८८५ मध्ये गिनीपिगला पाजलेला सोडा वेगळ्या रूपात इथे परत आला होता. तीन मात्रा पूर्ण करणाऱ्यांची संख्या होती ६२,२८५.

३२/
पहिल्या सहा महिन्यांत ‘बी’ भाग असलेल्या लसीने ८५ टक्के संरक्षण दिले, नुसत्या जंतूंच्या लसीने ५८ टक्के. पण तीन वर्षांच्या हिशेबात दोन्ही पन्नास टक्क्यांच्या आसपास आल्या. ‘बी’ भागाचा फायदा खरा होता, पण थोड्या काळाचा. आतड्यातून शिकवलेली प्रतिकारशक्ती खरोखर काम करते, हे प्राण्यांनी बरोबर सांगितले होते. ती माणसात किती वर्षे टिकेल, हे मात्र माणसांतच मोजावे लागले.

३३/
या निकालातून व्हिएतनामने व्यवहारी धडा घेतला. ‘बी’ भाग महाग होता आणि आम्लात नष्ट होई, म्हणून क्षाराचे पेयही लागे. मारलेल्या जंतूंना त्याची गरज नव्हती. म्हणून तिथे नुसत्या जंतूंची स्वस्त लस देशातच बनवली गेली. तिच्या सुधारलेल्या रूपाची २००६ पासून कोलकात्यात चाचणी झाली. सुमारे ६७ हजार लोकांना दोन मात्रा किंवा दिखाऊ औषध दिले गेले. पाच वर्षांत लसीने ६५ टक्के संरक्षण दिले. २००९ पासून हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती ‘शॅनकॉल’ नावाने बाजारात आणली.

३४/
ज्या शहरात कॉखला एकाही प्राण्यात पटकी निर्माण करता आली नाही, जिथे हाफकिन यांनी वस्त्या-वस्त्यांत सुई टोचली, जिथे डे यांनी सशाचे आतडे बांधले, त्याच शहरात तोंडावाटे घ्यायची लस माणसांवर सिद्ध झाली. शंभुनाथ डे ते पाहायला नव्हते. १९८५ मध्ये, मतलबची चाचणी सुरू झाली त्याच वर्षी, ते गेले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते. भारतातल्या विज्ञान अकादमींनी मात्र त्यांना कधी सदस्यत्व दिले नाही. परळचे दत्ता आणि हब्बू यांची नावे तर मुंबईतही फार थोड्यांना ठाऊक आहेत.

३५/
या इतिहासाची किंमत प्राण्यांनीही मोजली, हे नोंदवायला हवे. सशांची पिले जुलाबाने सुकून मेली, कुत्र्यांना मुद्दाम आजारी पाडले गेले. त्यांतले बरेच प्रयोग आजच्या नैतिक नियमांत बसणार नाहीत. उदरपोकळीतल्या गिनीपिगांनी तर अनेक दशके चुकीची दिशा दाखवली. त्यात दोष प्राण्यांचा नव्हता. जो प्रश्न विचारला होता त्याचेच उत्तर त्यांनी दिले होते, आणि प्रश्न आतड्याविषयीचा नव्हता.

३६/
२०१३ मध्ये तोंडावाटे घ्यायच्या पटकी लसीचा जागतिक साठा उभा राहिला. पुढे साथी इतक्या वाढल्या, की २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये दोनऐवजी एकच मात्रा देण्याचा निर्णय घ्यावा लागला. लस आहे, ती योग्य वाटेने जाते, ती काम करते. पण ती पुरत नाही. स्वच्छ पाणी आणि मैल्याची नीट व्यवस्था यांची जागा ती घेऊ शकत नाही. पण ती व्यवस्था होईपर्यंत पूरग्रस्त गावात किंवा निर्वासितांच्या छावणीत लसीची छोटी बाटली तोंडात रिकामी करताना कोणाच्याही दंडाला सुई लागत नाही. त्यामागे बेझ्रेदका यांच्या सशांपासून पिअर्स यांच्या कुत्र्यांपर्यंतचा साठ वर्षांचा शोध आहे.

#धागा समाप्त